मागच्या अंगणातलं छोटं घर: विटा आणि सौर पॅनेलच्या आधी काय ठरवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राहतं घर उत्तरेला, रस्त्याकडे. त्याच्या मागे दक्षिणेला १० मीटर रुंद आणि १४ मीटर खोल अंगण, नैऋत्य कोपऱ्यात एक जुनं मोठं झाड. तिथे आई-वडिलांसाठी ४५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण ४८५ चौरस फुटांचं घर बांधायचं आहे. पुढेमागे ते भाड्याने देता यावं आणि पर्यावरणाला जड होऊ नये. मग दुमजली करावं का, मातीच्या विटा घ्याव्यात का, छपरावर बाग करावी की सौर पॅनेल लावावेत? हवामान तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून उष्ण आणि थंड दोन्ही धरून उत्तर देतो. उत्तर गोलार्धात आहात एवढं मात्र गृहीत धरलंय.

नकाशावर ही जागा रिकामी दिसते, पण ती आजही काम करतेय. पाऊस जिरवते, राहत्या घराला दक्षिणेचं ऊन आणि वारा देते, शेजाऱ्यांच्या खिडक्यांना उजेड देते, झाडाची मुळं सांभाळते. नवं घर यातली काही कामं बंद पाडणार. ती पुन्हा कोण आणि कशी करणार, याचं उत्तर आराखड्यात असलं तर घर पर्यावरणाला धरून आहे. नसलं तर विटा मातीच्या असोत की सोन्याच्या, फरक पडत नाही. म्हणून तुमच्या प्रश्नांचा क्रम मी उलटा करतोय. आधी जागा, मग पाणी, मग भिंती, आणि पॅनेल सर्वांत शेवटी.

झाडापासून सुरुवात करू, कारण या आराखड्यात ते सर्वांत जुनं आहे आणि ते हलवता येत नाही. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजायचा आणि त्याला १२ ने गुणायचं, तेवढ्या त्रिज्येत मुळं जपायची, असा ठोकताळा आहे. तुमच्या झाडाचं खोड ४० सेंटिमीटर जाड आणि दोन्ही कुंपणांपासून दीड मीटरवर आहे. म्हणजे खोडाभोवती ४.८ मीटरचं वर्तुळ झालं. आता दोन्ही बाजूंनी आणि मागून १.२ मीटर सोडा, राहत्या घरापासून ५ मीटर सोडा. उरतो ७.६ बाय ७.८ मीटरचा तुकडा, जेमतेम ५९ चौरस मीटर. त्यातले २१ झाडाच्या वर्तुळात जातात. हाती उरतात ३८.

हे आकडे पाहून पुष्कळ जण इंग्रजी एल आकाराचं घर काढतात, झाडाला वळसा घालून. कागदावर ते छान दिसतं. पण इथे त्याच्या दोन्ही हातांची रुंदी अडीच-पावणेतीन मीटर भरते, भिंती वजा केल्या की आत पलंग आडवा टाकल्यावर चालायला जागा उरत नाही. शिवाय एल आकाराच्या बाहेरच्या भिंतींची एकूण लांबी त्याला वेढणाऱ्या पूर्ण चौकोनाएवढीच असते. म्हणजे खोल्या कमी आणि भिंत तेवढीच.

मी साधा आयत काढेन: बाहेरून ७.६ बाय ५.२ मीटर, पूर्व-पश्चिम लांब, साधारण ४० चौरस मीटर. तो राहत्या घरापासून ५ मीटरवर सुरू होतो आणि मागे ३.८ मीटर जागा सोडतो. त्याचा नैऋत्य कोपरा, सुमारे ८ चौरस मीटर, झाडाच्या वर्तुळात शिरतो. तेवढ्या भागात सलग पाया खणायचा नाही. हाताने खड्डे घेऊन, मोठं मूळ लागलं की खड्डा सरकवून, सुटे खांब उभारायचे आणि घराची जमीन त्यावर अधांतरी ठेवायची. खालून हवा आणि पाणी मुळांना मिळत राहतं. एखादा वृक्षतज्ज्ञ आधी येऊन बघून गेला तर उत्तम, आणि काही शहरांत त्याच्या अहवालाशिवाय परवानगी पुढे सरकतच नाही.

दुमजली करू नका. आई-वडिलांसाठी घर आहे, एवढं एकच कारण पुरेसं आहे, पण दुसरंही आहे. जिना प्रत्येक मजल्यावर चारेक चौरस मीटर खातो. ४० चौरस मीटरच्या घरात ही चैन आहे. आणि तिसरं कारण सावलीचं. नवं घर जुन्याच्या दक्षिणेला येतंय. दुपारी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर असेल हे काढणं सोपं आहे: ९० मधून तुमचा अक्षांश वजा करा, आणि डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यासाठी आणखी २३.५ वजा करा. ४५ अक्षांशावर उरतात २१.५ अंश. तिथे साडेसहा मीटर उंचीचं दुमजली घर ५ मीटरवरच्या राहत्या घरावर भर दुपारी साडेचार मीटर उंचीपर्यंत सावली टाकेल, म्हणजे तुमचा तळमजला हिवाळाभर अंधारात. ३.६ मीटरचं बैठं घर दीड मीटरच्या आसपास टाकेल, खिडकीच्या खालच्या भागापर्यंत. २० अक्षांशावर बैठ्या घराची सावली दुपारी राहत्या घरापर्यंत पोचतही नाही. हीच आकडेमोड शेजाऱ्यांच्या बाजूने सकाळ-संध्याकाळसाठी करून त्यांना आधीच दाखवा. परवानगीच्या वेळी हरकत बहुधा सावलीवरून किंवा खिडक्यांवरून येते.

मागच्या अंगणातल्या घरांचे नियम बऱ्याच शहरांत अलीकडचे आहेत. कॅनडात व्हँकुव्हरने मागच्या गल्लीकडे तोंड असलेल्या घरांना २००९ मध्ये परवानगी दिली. टोरांटोने तशा घरांना २०१८ मध्ये आणि परसातल्या घरांना २०२२ मध्ये दिली. टोरांटोच्या परसातल्या घरांच्या सुरुवातीच्या नियमात ४ मीटरपर्यंत उंच घरासाठी दोन घरांत ५ मीटर अंतर होतं आणि त्याहून उंच घरासाठी साडेसात. कॅलिफोर्नियात २०२० पासून ८०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला बाजूने आणि मागून ४ फूट सोडले की स्थानिक संस्थेला सहसा अडवता येत नाही. माझे ५ आणि १.२ मीटर याच जातकुळीतले आहेत. तुमच्या पालिकेचे आकडे वेगळे असतील तर आयत सरकेल. एक गोष्ट आजच विचारून ठेवा: हे घर वेगळं विकता येतं का आणि भाड्याने देता येतं का. दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात.

आता पाणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि मनस्ताप इथेच जिरतो.

आधी सांडपाणी. नव्या घराचा मैला-पाण्याचा पाइप राहत्या घराच्या चेंबरला (सांडपाण्याच्या झाकणबंद खड्ड्याला) जोडायचा असेल तर तो उताराने जायला हवा. १०० ते ११० मिलिमीटरच्या पाइपला मी ६० ला १ पेक्षा कमी उतार देत नाही. मोरी आणि संडास मागच्या टोकाला ठेवले, तर चेंबरपर्यंत सहज १२ मीटर होतात, म्हणजे २० सेंटिमीटर उतार. चेंबरमधल्या पाइपचा तळ जमिनीखाली ६० सेंटिमीटरवर असेल तर काही अडचण नाही. पण ३५ वरच असेल, तर तुमचा पाइप मागच्या टोकाला जमिनीखाली फक्त १५ सेंटिमीटरवर राहतो, आणि मग जोतं वर उचलावं लागतं. जोतं ४५ सेंटिमीटर झालं की चाकाच्या खुर्चीसाठी १२ ला १ या उताराने ५.४ मीटर लांबीचा रॅम्प लागतो, आणि तो तुमच्या ५ मीटरच्या अंगणात सरळ मावतच नाही. एका चेंबरच्या खोलीवरून म्हातारपणी दारातून सहज बाहेर पडता येणार की नाही हे ठरतं! म्हणून संडास-मोरी उत्तरेच्या भिंतीला, चेंबरच्या बाजूच्या कोपऱ्यात. स्वयंपाकाचा ओटा त्याच भिंतीला पाठ लावून. नळ, गरम पाणी, सांडपाणी सगळं दोन-तीन मीटरच्या आत राहतं. गरम पाण्याचा पाइप आखूड असला की दर वेळी थंड पाणी वाहू देऊन वाट बघावी लागत नाही. पंप बसवून मैला वर चढवता येतो हे खरं, पण वीज गेली की काय, हा प्रश्न सोबत येतो. पंप मी शेवटचा उपाय मानतो.

मग पाऊस. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ४० मीटरच्या छपरावर तासाभरात ६० मिलिमीटर कोसळला तर २,४०० लिटर, जे काल जमिनीत जिरत होतं. सगळे सुचवतात शोषखड्डा. तो इमारतीच्या पायापासून ५ मीटर दूर असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. तुमच्या अंगणात अशी जागा शोधून बघा. दोन घरांमधल्या अंगणाच्या बरोब्बर मध्येही दोन्ही पायांपासून अडीचच मीटर मिळतात, आणि मागे झाडाची मुळं आहेत, तिथे खणायचं नाही. थोडक्यात, शोषखड्डा इथे बसत नाही. त्याऐवजी पूर्वेच्या १.२ मीटरच्या पट्टीत, भिंतीला लागून, जमिनीवर उभी अरुंद टाकी ठेवा, दोनेक हजार लिटरची. टाकीच्या मध्यावर बारीक भोकाचा नळ बसवा. वरचं अर्धं पाणी दिवसभरात हळूहळू पावसाच्या गटारात निथळून जातं आणि टाकी पुढच्या सरीसाठी मोकळी होते. खालचं अर्धं झाडांना आणि फ्लशला. भरलेल्या टाकीचं वजन दोन टनांच्या वर जातं, तेव्हा तिच्याखाली नीट बैठक हवी. छपराच्या पन्हाळीला पानं अडवणारी जाळी लावा, कारण तुमचं झाड दर वर्षी पन्हाळ भरणार आहे. अंगणात फरशी घालायची झालीच तर सांधे उघडे ठेवून, वाळूवर, दोन्ही घरांपासून दूर उतार देऊन.

अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी झाडांना देता येतं, पण ते साठवू नका. एका दिवसात वास मारायला लागतं. सरळ मातीच्या पृष्ठभागाखाली जाऊ द्या. ओट्याचं पाणी यात मिसळू नका, तेलकटपणाने माती आणि पाइप दोन्ही तुंबतात. आधी नियम बघा, काही ठिकाणी यालाही परवानगी लागते.

भिंती आणि छप्पर. छोटं घर आपोआप कमी ऊर्जा खातं हा गैरसमज आहे. तुमच्या घराच्या बाहेरच्या भिंती साधारण ७७ चौरस मीटर आणि छप्पर ४०, एकूण ११७. म्हणजे राहण्याच्या दर चौरस मीटरमागे जवळजवळ ३ चौरस मीटर पृष्ठभाग उन्हा-थंडीला उघडा. १० बाय १० मीटरच्या दुमजली घरात हेच प्रमाण १.७ पडतं. लहान भांड्यातला चहा मोठ्या पातेल्यातल्यापेक्षा लवकर निवतो, तसंच. त्यामुळे उष्णतारोधक थरावर इथे हात आखडू नका, विशेषतः छपरात. बैठ्या घरात छप्पर दिवसभर तापतं. गडद रंगाचं छप्पर उन्हाळ्यात ६० अंशांच्या पुढे सहज जातं. उष्ण प्रदेशात पांढरं किंवा फिकं छप्पर, त्याखाली वारा वाहील अशी पोकळी, आणि मग १० सेंटिमीटर किंवा जास्त रोधक. थंड प्रदेशात थर याहून पुष्कळ जाड, आणि फटी बंद करण्याकडे तेवढंच लक्ष.

मातीच्या विटांबद्दल. मला त्या आवडतात. पण तुमच्या इथे हिशोब करून बघा: २५ मीटर भिंत, पावणेतीन मीटर उंची, २३ सेंटिमीटर जाडी. दारं-खिडक्या वजा करून १४ घनमीटर, म्हणजे दाबलेल्या मातीच्या विटांत पंचवीस टनांच्या पुढे वजन. ते राहत्या घराच्या बाजूच्या एक मीटरच्या बोळातून हाताने आत न्यायचं, आणि त्यातलं काही झाडाच्या मुळांवरच्या सुट्या खांबांवर ठेवायचं. मी ते करणार नाही. हलका सांगाडा घ्या, लाकडाचा मिळत असेल तर लाकडाचा, नाहीतर पातळ पोलादाचा. मध्ये रोधक भरून, बाहेर पाऊस झेलणारं आवरण आणि त्यामागे हवेची फट. रात्री चांगलं गार होणाऱ्या कोरड्या हवेत जड भिंतीचा फायदा खरा आहे; तो हवा असेल तर ज्या भागाखाली सलग पाया आहे तिथली जमीन आणि मधली एखादी भिंत जड करा. दमट हवेत त्याचीही गरज नाही. काँक्रीट पायापुरतं ठेवा आणि त्यातही कोळशाची राख किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं सिमेंट वापरा. जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७-८ टक्के सिमेंटमधून येतो. ४५ वरून ४० मीटरवर येण्याने यातलं थोडं आधीच वाचलंय.

बोळाची रुंदी कंत्राटदाराला पहिल्या दिवशी दाखवा, दर देण्याआधी. खणलेली माती सैल झाली की पाव पट तरी फुगते आणि ती त्याच बोळातून बाहेर जाणार आहे. पहिली गाडी येण्याआधी झाडाभोवती वर्तुळाच्या कडेने कुंपण घाला, नाहीतर वाळूचा ढीग हमखास खोडाशी पडतो, सावली असते ना! दबलेल्या मातीत मुळं गुदमरतात आणि झाड दोन-चार वर्षांनी वाळायला लागतं, तेव्हा कोणालाही कारण आठवत नाही. आगीचा बंब रस्त्यावर उभा राहिला तर पाण्याची नळी घराच्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत पोचते का हेही त्याच दिवशी बघा. ४५ मीटरच्या आत असावं अशी अट बऱ्याच ठिकाणी असते.

आतली मांडणी पटकन सांगतो. बोळ-पॅसेज नको, बैठकीतूनच झोपायच्या खोलीत आणि न्हाणीत जाता यावं. न्हाणीत दीड मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ, दारांची मोकळी रुंदी ८० सेंटिमीटरच्या वर, उंबरठा कुठेच नाही. न्हाणीच्या भिंतीत आधाराच्या दांड्यांसाठी आत्ताच लाकडी पट्टी भरून ठेवा, दांडी पुढे लावा. माळा न्हाणीवर. झोपायची खोली आग्नेयेला, सकाळच्या उन्हात. दक्षिणेच्या खिडक्या मोठ्या आणि वर छज्जा, कारण उन्हाळ्यात तिथला सूर्य उंच असतो आणि छज्ज्याने अडतो. पश्चिमेचा सूर्य खाली उतरलेला असतो, त्याला छज्जा पुरत नाही; तिथे तुमचं झाड बरंच ऊन अडवेल, तरी भिंतीत एक लहान खिडकी पुरे. शेजाऱ्यांकडे तोंड असलेल्या खिडक्यांची खालची कड १.७ मीटरवर ठेवा. उजेड-वारा येतो, नजर जात नाही. राहत्या घराकडच्या भिंतीत मोठी खिडकी समोरासमोर नको आणि दार कोपऱ्यात असावं. हाक मारली तर ऐकू जावी, पण घरातलं बोलणं ऐकू जाऊ नये, एवढा आडोसा दोन्ही घरांना लागतो, भाडेकरू आला की जास्तच. वीज-पाण्याचे वेगळे मीटर त्यासाठी आत्ताच बसवा.

इतकी थोडी हवा असलेल्या घरात फोडणीचा धूर आणि अंघोळीची वाफ लगेच भरते. ओट्यावर बाहेर फेकणारा पंखा हवा, आतल्या आत हवा फिरवणारा नव्हे. न्हाणीत दुसरा. गॅसऐवजी इंडक्शन घेतलंत तर हवेत जळालेला वायूही नाही आणि गॅसचा एक पाइपही वाचला.

छपरावरची बाग नको. १० सेंटिमीटर मातीचा हलका थरसुद्धा ओला झाल्यावर दर चौरस मीटरला १०० ते १५० किलो भरतो. ४० मीटरला चार ते सहा टन, ज्यासाठी सांगाडा आणि खांब पुन्हा जड करावे लागतील. वर झाडाची पानगळ आहेच. आणि सौर पॅनेल? एक किलोवॉटला साधारण ५ चौरस मीटर पॅनेल लागतात, तेवढी जागा छपरावर आहे, पण नैऋत्येच्या झाडाची सावली दुपारनंतर त्यावर येणार, आणि एका पॅनेलवरची सावली त्याच मालिकेत, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेल्या, बाकीच्यांनाही खाली ओढू शकते. पॅनेल राहत्या घराच्या छपरावर लावा आणि नव्या घराकडे केबल न्या. पॅनेलसाठी झाडाची छाटणी करू नका. पश्चिमेची ती सावली नसती तर वातानुकूलनावर जास्त वीज गेली असती.

आर्किटेक्टकडे जाण्याआधी राहत्या घराचं चेंबर उघडून पाइपच्या तळाची खोली मोजा आणि पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने अंगणाची पातळी चारही कोपऱ्यांत घ्या. खोली ४० सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर न्हाणी वर सांगितलं तशी उत्तरेच्या भिंतीलाच राहू द्या, ओटाही तिच्यापासून हलवू नका. ६० च्या वर असेल तर ओटा दक्षिणेच्या खिडकीखाली नेता येईल, तिथून झाड दिसतं.